फूटभराचा मोरे आणि तीन फुटी टँक

"ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात साडेतीन वर्षांपासून तीन फुटी मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात क्लाऊनची जोडी, एक निळा डॅमसेल आणि दोन क्लीनर श्रिम्प. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला स्कूबा केलं, तेव्हा माझ्या तेरा वर्षांच्या लेकीनं कपारीतून डोकावणारा मोरे ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा पाहिला. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. आमच्या नेहमीच्या दुकानात फूटभर लांबीचा मोरे आला आहे, पांढऱ्यावर काळे ठिपके, किंमत चार हजार. दुकानदार म्हणतो, 'टँक केवढा, मासा तेवढाच वाढतो.' लेक म्हणते, मोठा झालाच तर मालवणला नेऊन सोडू. माझी आई म्हणते, घरात साप येणार नाही. फोटो जोडला आहे. घ्यावा का? घेतला तर काय काय लागेल?"

नमस्कार.

फोटो मोठा करून तीनदा पाहिला. हा मासा घेऊ नका. मोरे पाळूच नका असं मी म्हणत नाही, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पण हा नको, आणि तीन फुटी टँकमध्ये तर कुठलाच नको.

कारण फोटोतच आहे. पांढऱ्यावर काळे डाग असलेले दोन मोरे आपल्याकडच्या दुकानांत येतात, आणि पिल्लू असताना दोघांत हमखास गफलत होते. एक स्नोफ्लेक, दुसरा हनीकोंब. ओळखायचं असेल तर नाक बघा. मोरेच्या पुढच्या नाकपुड्या बारीक नळीसारख्या बाहेर आलेल्या असतात. स्नोफ्लेकच्या त्या नळ्या पिवळ्याधमक असतात, हळदीचं बोट टेकवल्यासारख्या. अंगावर काळ्या डागांच्या दोन ओळी, डागांच्या कडा विस्कटलेल्या, आणि काळ्याच्या आतही पिवळे टिपके. तुमच्या फोटोतल्या माशाच्या नाकावर पिवळ्याचा मागमूस नाही. डाग गोलसर, एकमेकांना खेटून बसलेले, मधून पांढऱ्या रेघांची जाळी. मधाच्या पोळ्यासारखी ही जाळी दिसते म्हणून हनीकोंब. हा मासा तीन मीटरपर्यंत वाढू शकतो. पाच-सहा फुटांचा तर सहज होतो, म्हणजे तुमच्या हॉलमधल्या सोफ्याएवढा. दात सुईसारखे टोकदार, मासे पकडण्यासाठीच घडलेले. तुमच्या क्लाऊनची जोडी त्याच्यापुढे फार दिवस टिकणार नाही.

"टँक केवढा, मासा तेवढाच वाढतो" हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी तितकाच राग येतो. लहान टँकमध्ये माशाची वाढ खुंटते हे खरं. ती खुंटते कारण पाण्यात त्याचीच घाण साठत जाते, हलायला जागा नसते, आणि तो आतून खंगत जातो. कुंडीत कोंबलेल्या वडासारखी त्याची गत होते, फक्त वड वर्षानुवर्षं तग धरतो, मासा नाही. दुकानदारानं मुद्दाम फसवलं असेल असं मला वाटत नाही, त्यालाही कुणीतरी हेच सांगितलेलं असतं. पण तुम्ही त्यावर विसंबू नका.

लेकीला एक गोष्ट नीट समजावून सांगा, रागावून नको. दुकानातला मासा समुद्रात सोडायचा नाही. मालवणला नाही आणि घराजवळच्या खाडीतही नाही. तो मासा कुठून पकडून आणलेला आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. दुकानाच्या टाक्यांत तो दहा देशांच्या माशांबरोबर राहिलेला असतो, त्यांचे रोग आणि परजीवी अंगावर घेऊन. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ साली पहिला लायनफिश सापडला. तो मुळात आपल्या बाजूच्या समुद्रांतला मासा. लोकांनी घरच्या टँकमधले मासे सोडले त्यातून तो तिथं पोचला असं मानलं जातं. आज कॅरिबियन समुद्रभर तो पसरला आहे आणि तिथल्या प्रवाळांवरचे छोटे मासे फस्त करतो आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तुमच्या लेकीनं जो मोरे पाहिला त्याचं घर आहे ते. तिथं पाहुणा नेऊन सोडणं म्हणजे त्याच्याच घरात रोगराई सोडणं.

आता आईंचं म्हणणं. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर जाळ्यात समुद्री साप येतात आणि ते जहाल विषारी असतात. पण समुद्री सापाच्या अंगावर खवले असतात, शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, आणि श्वास घ्यायला तो पाण्यावर येतो. मोरे हा मासा आहे. बाजारात वाम मिळतो ना, त्याच्याच मोठ्या गोतावळ्यातला. त्याच्या अंगावर खवले नसतात, जाड कातडीवर बुळबुळीत थर असतो. डोक्यामागे दोन्ही बाजूंना एकेक गोल छिद्र दिसतं, तिथून कल्ल्यांतलं पाणी बाहेर पडतं. तो सारखा तोंड उघडतो-मिटतो त्याला लोक घाबरतात. आईंना वाटेल की चावायला येतोय. तो श्वास घेत असतो. तोंडानं पाणी आत ओढून कल्ल्यांवरून ढकलल्याशिवाय त्याला प्राणवायू मिळत नाही, म्हणून त्याचं तोंड कधी स्वस्थ नसतं.

चावतो मात्र. आणि चावला की सोडत नाही, कारण त्याच्या घशात जबड्याची दुसरी जोडी आहे. २००७ साली रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. पुढच्या दातांनी भक्ष्य धरलं की घशातला जबडा पुढे सरकतो, भक्ष्याला पकडतो आणि मागे खेचून घेतो. अरुंद बिळात राहणाऱ्या माशाला इतर माशांसारखं तोंड फुगवून भक्ष्य शोषून घेता येत नाही, त्यावरचा हा तोडगा. म्हणून पहिला नियम: टँकमध्ये हात घालायचा तेव्हा मोरे कुठे आहे हे आधी डोळ्यांनी पाहायचं, आणि हातानं खायला कधीही घालायचं नाही. इंटरनेटवर हातानं भरवणारे लोक दिसतील, लेक ते दाखवेलही. या माशाला दिसतं कमी आणि वास येतो फार. कोळंबी सोलून आलेलं बोट आणि कोळंबी यांतला फरक त्याला कळत नाही. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. समुद्री माशाच्या दातांची जखम चिघळते.

हे सगळं मान्य असेल आणि दहा-पंधरा वर्षं एका जिवाचं करायची तयारी असेल, तर तुमच्या घरासाठी मोरे एकच: स्नोफ्लेक. तो जास्तीत जास्त एक मीटरचा होतो, घरात बहुतेक अडीच फुटांच्या आसपास राहतो. दात बोथट, कारण त्याचा जन्म खेकडे फोडून खाण्यासाठी. क्लाऊन आणि डॅमसेल त्याच्याबरोबर बहुधा राहतील. 'बहुधा' हा शब्द जपून वापरते आहे, रात्री झोपलेला लहान मासा तोंडाशी आला तर सांगता येत नाही. तुमचे दोन क्लीनर श्रिम्प मात्र त्याच्या टँकमध्ये नकोतच. समुद्रात मोठे मोरे तोंड उघडून क्लीनरकडून दात साफ करून घेतात, ते दृश्य सुंदर असतं, पण स्नोफ्लेकसाठी श्रिम्प म्हणजे ताटातलं जेवण.

दुकानात तुम्हाला आणखी दोन पर्याय दाखवतील. 'गोड्या पाण्यातला मोरे' म्हणून करड्या रंगाचा, बारीक पिवळ्या ठिपक्यांचा मासा विकतात. तो बंगालकडच्या खाड्यांमधला, मचूळ आणि खाऱ्या पाण्यातला जीव आहे. गोड्या पाण्यात तो काही महिने उपाशी काढतो आणि मरतो. दुसरा रिबन ईल, निळ्या फितीवर पिवळी किनार. डोळ्याचं पारणं फिटेल असा. पण बंदिवासात तो बहुधा खातच नाही. पाहून नमस्कार करावा आणि पुढे जावं.

टँक किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच घ्या. सोळा घनफूट, म्हणजे साधारण ४५० लिटर पाणी. काच, खडक, स्टँड धरून वजन सहाशे किलोच्या वर जातं. तिसऱ्या मजल्यावर हॉलच्या मधोमध ते ठेवू नका, भिंतीलगत, बीमच्या वर येईल असं ठेवा, आणि आधी एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला जागा दाखवा. इमारत जुनी असेल तर हे टाळूच नका.

आणि झाकण. आता जे लिहिते ते दोनदा वाचा.

माझा पहिला स्नोफ्लेक मी झाकणामुळे गमावला. काचेचं झाकण होतं, जड होतं, वर पुस्तकंही ठेवली होती. फक्त मागच्या कोपऱ्यात पाण्याचा पाइप आत जायला दोन बोटांची फट होती. एका सकाळी तो स्वयंपाकघरात सिलिंडरच्या ट्रॉलीमागे सापडला. अंगाला केस, धूळ, झाडूची काडी चिकटलेली, रंग विझलेला. मेला असं समजून उचलला तर हातात किंचित वळला. टँकच्या पाण्याच्या बादलीत ठेवला, एअर स्टोन लावला, आणि तासाभरानं त्याचं तोंड पुन्हा उघडमीट करू लागलं. मी रडले होते. मग त्या फटीत स्पंज कोंबला आणि निर्धास्त झाले. चार महिन्यांनी त्यानं तो स्पंज नाकानं ढकलून बाहेर काढला. या वेळी मी गावाला गेले होते, दोन दिवसांनी आले.

ती फट मी पाहिली होती, तरी ठेवली. आजही नवा टँक पाहिला की माझी नजर आधी मागच्या कोपऱ्यात जाते. तेव्हा वाटलं होतं, मासा बाहेर पडून करणार काय? पुढे २०२१ मध्ये त्याच रीटा मेहता यांनी काइल डोनोहू यांच्याबरोबर दाखवून दिलं की स्नोफ्लेक पाण्याबाहेर उतारावर सरपटत येतो, तिथं ठेवलेला माकूलचा तुकडा धरतो आणि तिथंच गिळतो, पाण्यात परत जायची वाट पाहत नाही. ओहोटीच्या खडकांवर खेकडे पकडणाऱ्या माशाला हे यायलाच हवं. त्याच्या लेखी टँकची कड म्हणजे एक खडक, आणि पलीकडे कदाचित खेकडा. म्हणून झाकणाला जिथं जिथं पाइप, वायर जाते तिथं काच किंवा ॲक्रिलिक त्या मापात कापून घ्या, वर चाप किंवा क्लॅम्प लावा. ओव्हरफ्लोच्या कप्प्यालाही, म्हणजे वरचं पाणी फिल्टरकडे उतरतं त्या जागेलाही जाळी बसवा. त्याचं डोकं जिथून जातं तिथून तो सगळा जातो.

पाण्याबद्दल तुम्हाला साडेतीन वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे थोडक्यात. घनता १.०२४-१.०२५, तापमान २५-२६ अंश, आरओचं पाणी आणि चांगलं मीठ. डोंबिवलीच्या एप्रिल-मे महिन्यांत चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय भागणार नाही. त्याची किंमत माशाच्या कितीतरी पट आहे, हे आत्ताच मनाशी धरा. वीज गेली तर निदान एअर पंप चालेल एवढी बॅटरी हवी. मोरे मांस खातो आणि तशीच घाण करतो, तेव्हा पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर टँकच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या. नवा टँक लगेच वापरू नका, पाणी बसायला सहा आठवडे द्या. जुन्या टँकमधला फिल्टरचा थोडा माल आत टाकलात तर घाण पचवणारे जिवाणू लवकर रुजतात, तरी अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून होणारी दोन्ही विषं शून्य दिसल्याशिवाय मासा नको. तांब्याचं औषध त्याच्या टँकमध्ये घालू नका. खवले नसलेल्या माशांना ते सोसत नाही.

खडक मांडताना आधी तळकाचेवर खडक, मग वाळू. उलट केलंत तर मोरे वाळू उकरतो आणि खडक त्याच्याच अंगावर कोसळतो. हे खडक कृत्रिम घ्या. मालवणहून येताना प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका आणि कुणी विकत देत असेल तर घेऊ नका. २००१ पासून खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. बिळासाठी मोरेला प्रवाळ लागतही नाही. प्लंबरकडून दोन इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा आणा, खडकाआड ठेवा. इतकं महागडं सजवलेलं सोडून तो त्याच पाइपात जाऊन बसेल.

खाणं तुमच्या मासळी बाजारात मिळतं. कोळंबी, माकूल, तिसऱ्यांचा गर, खेकड्याचे तुकडे. ताजं आणून निदान आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, परजीवी मरतात. एकच एक प्रकार रोज देऊ नका. काही मासळीत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि त्यावरच वाढवलेला मोरे हळूहळू दुबळा होतो. जिवंत गोल्डफिश, गप्पी घालायचे नाहीत. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. नवा आलेला मोरे दोन-तीन आठवडे काहीच खाणार नाही, तुमचा जीव टांगणीला लागेल. दिवे मंद ठेवा, रोज संध्याकाळी कोळंबीचा तुकडा लांब चिमट्यात धरून पाइपाच्या तोंडाशी न्या, नाही घेतला तर काढून टाका.

आणि एका संध्याकाळी तो घेईल. ते लेकीला पाहू द्या. वास पाण्यात पसरायला काही सेकंद जातात. मग पाइपाच्या अंधारातून आधी त्या दोन पिवळ्या नळ्या येतात, मग पांढरं नाक, मग डोकं, डावीकडे-उजवीकडे हुंगत. तुकडा समोर असतो आणि तो बाजूच्या खडकाला तोंड मारतो, पुन्हा चुकतो, मागे होतो. आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं. आणि अचानक चिमट्याला हिसका बसतो. तुकडा मोठा असेल तर तो स्वतःच्या शेपटीची गाठ मारतो, ती गाठ अंगावरून डोक्याकडे सरकवतो आणि तिचा टेका घेऊन मांस तोडतो. माझ्या टँकमध्ये हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल, अजून स्वयंपाक अर्धा टाकून पाहायला जाते.

ही ओढ आजची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे धनिक समुद्राकाठच्या तलावांत मोरे पाळत. प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की हॉर्टेन्सियस नावाचा नामांकित वकील आपला मोरे मेला तेव्हा रडला, आणि पुढे त्याच वाड्यात अँटोनिया नावाच्या बाईनं आपल्या मोरेच्या कल्ल्यांपाशी कर्णभूषणं घातली. कर्णभूषणांचं मला पटत नाही. रडण्याचं समजतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही तिघांनी बसून बोला. दुकानात येणारा प्रत्येक मोरे समुद्रातून पकडलेला असतो. त्याची पिल्लं पानासारखी चपटी, पारदर्शक असतात आणि कित्येक महिने उघड्या समुद्रात वाहत राहतात. ती घरात कुणी वाढवू शकत नाही. तेव्हा आपण एक मोरे घेतो म्हणजे कुठल्यातरी कपारीतला एक कमी करतो. हे माहीत असूनही मी पाळते, म्हणून तुम्हाला नाही म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण जो आणाल त्याला पंधरा वर्षं नीट जगवण्याचं ठरवून आणा. लेक तेव्हा अठ्ठावीसची असेल, शिकायला किंवा नोकरीला दुसरीकडे गेलेली असेल. मासा तुमच्याकडेच राहणार आहे, हे तुमच्या पत्नीलाही आत्ताच विचारून घ्या. पत्रात त्यांचं मत कुठे दिसलं नाही.

मोठा टँक जमणार नसेल तर काही बिघडत नाही. तीन फुटीत क्लाऊनची जोडी सुखात आहे, तिला तसंच ठेवा, आणि मोरेसाठी दर वर्षी पावसाळा संपला की मालवण गाठा. जमणार असेल तर या महिन्यात काहीच विकत घेऊ नका. आधी जागा, मग टँक, मग झाकण. लेकीला एक वही द्या, नव्या टँकची घनता, तापमान, अमोनिया रोज तिनंच लिहू दे. दोन महिने न चुकता लिहिलं तर ती मोरेसाठी तयार आहे. मग दुकानात जा, पिवळ्या नाकाचा बघा, आणि दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. समोर खाल्लं तरच घ्या.

टँक बसला की पाणी भरायच्या आधी मला मागच्या कोपऱ्याचा फोटो पाठवा, झाकण लावून.